चाल जुळली की

महिनोन्‌महिने ज्याच्याबरोबर रोज जेवलो त्याचं आडनाव माहीत नसणं, हे आपल्याकडे बसत नाही. आपल्या एसटीत शेजारी बसलेला माणूस दोन थांबे जायच्या आत गाव, नोकरी आणि पोरांची लग्नं झाली का, एवढं विचारून मोकळा होतो. पण अमेरिकेच्या पूर्व भागातल्या अ‍ॅपलेशियन ट्रेलवर नेमकं हेच चालतं. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेन राज्यातल्या कटाडिन शिखरापर्यंत, १४ राज्यांतून जाणारी ही साधारण ३५०० किलोमीटरची पायवाट. एका दमात पुरी करायला पाच ते सात महिने लागतात. निघालेल्या चौघांतला जेमतेम एक शेवट गाठतो.

या वाटेवर घरचं नाव मागे राहतं आणि वाटेवरचं नाव मिळतं. ते बहुधा सोबतचे लोक ठेवतात, आणि बहुधा काहीतरी फजितीवरून ठेवतात. वारीत सगळेच एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात. इथे ज्याचं नाव त्याचंच. परिणाम मात्र तोच. तुम्ही वकील की वेटर, घटस्फोटित की निवृत्त, हे कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच : पुढे पाणी कुठे आहे, आणि आज मुक्काम कुठे?

दिवसही तसा साधाच. पहाटे ओले मोजे पायांत चढवायचे (सगळ्यांत नकोसा क्षण हाच, असं माझं मत). मग झाडांच्या बुंध्यांवरचे दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरे पट्टे शोधत चालत राहायचं. पाणी झऱ्याचं, गाळून घ्यायचं. जेवायला नूडल्स नाहीतर पोळीसारख्या टॉर्टियाला शेंगदाण्याचं लोणी. रात्री तीन भिंतींची, समोरून उघडी लाकडी पडवी. तिथे छताला दोऱ्या लोंबत असतात आणि दोरीच्या मध्यावर पत्र्याचा रिकामा डबा ओवलेला असतो. खाली पिशवी अडकवायची. दोरीवरून उतरणारा उंदीर डब्यावर येऊन घसरतो आणि खाऊ वाचतो. अस्वलं असतील तिथे पिशव्या आणखी लांब, बाहेर उंचावर टांगतात. रात्रीचे नऊ म्हणजे इथली मध्यरात्र. मग घोरणं सुरू होतं. घोरतात सगळे, कबूल कुणीच करत नाही. चार-पाच दिवसांनी एखादं गाव लागतं. तिथे अंगावरचे सगळे कपडे यंत्रात टाकून, नुसता रेनकोट घालून बसलेली माणसं दिसली तर ओळखावं, ही डोंगरातून उतरली आहेत.

आता मैत्रीचं. लोक म्हणतात, निसर्गाच्या सान्निध्यात मनं जुळतात. मला ते पटत नाही. इथे आधी जुळते ती चाल. तुम्ही दिवसाला २५ किलोमीटर चालता आणि दुसरा १८, तर स्वभाव कितीही जुळोत, संध्याकाळी तुम्ही एका छपराखाली नसता. उलट, सारख्या चालीचा एखादा खडूस माणूस तीन संध्याकाळी समोर बसला की चौथ्या संध्याकाळी तुम्ही त्याची वाट बघू लागता. त्याने आधी पोचून तुमच्यापुरती जागा धरलेली असते. तुमच्या टाचेचा फोड त्याला तुमच्याइतकाच ठाऊक असतो.

आणि तरी कुणी कुणाला बांधून घेत नाही. ज्याने त्याने आपापलं चालावं, हा तिथला सर्वमान्य रिवाज. गुडघा दुखतोय म्हणून एक गावात दोन दिवस थांबला, तर बाकीचे निघतात, आणि त्यात रुसवा नसतो. आपल्याकडे याला ‘विसरलास’ म्हटलं असतं. पण पुढे गेलेला माणूस तुटतही नाही, कारण प्रत्येक पडवीत एक वही असते. पुढचा झरा आटलाय, पाणी इथूनच भरून घ्या. शेवटची चढण खोटं बोलते, संपली असं वाटतं तेव्हा अर्धी उरलेली असते. गुडघा कसा आहे रे? असं काहीबाही लिहून तो जातो. मागचा दोन दिवसांनी येऊन वाचतो आणि खाली उत्तर लिहितो. ते उत्तर पुढच्याला कधी दिसणार नाही, हे ठाऊक असूनही लिहितो. मागून येणारे परके लोक मात्र ते वाचतात, आणि न भेटलेल्या त्या दोघांना ओळखू लागतात.

सलग सबंध वाट चालल्याची पहिली नोंद आहे अर्ल शेफर याची, १९४८ सालची. वाट १९३७ मध्येच पुरी झाली होती, पण ती एका दमात कुणी चालेल, असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. दुसरं महायुद्ध संपलं की मिळून ही वाट चालायची, असा शेफरचा एका मित्राशी बेत होता. तो मित्र इवो जिमाच्या लढाईत मारला गेला. शेफर एकटाच निघाला. युद्ध अंगातून चालून काढायचं होतं, असं तो म्हणे. पुढे १९६५ मध्ये तो उलट दिशेने चालला आणि १९९८ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी, पुन्हा एकदा. आज या वाटेवर जमणारे घोळके पाहताना पहिला चालणारा सोबत्यावाचून निघाला होता, हे ध्यानात असलेलं बरं.

जिवलग मित्राबरोबर अशा लांबच्या वाटेला जायचा बेत असेल, तर तिकिटं काढण्याआधी दोघं मिळून एकदा सिंहगड चढून या. चाल जुळते की नाही, ते पुणे दरवाजा येईपर्यंत कळतं. नाही जुळली, तर मैत्री मोडू नका. बेत तेवढा मोडा.