सत्तर हजारांचं रीळ

मासे खाण्यासाठी किती पैसे खर्च करावेत, या प्रश्नाचा विचार मी दर रविवारी सकाळी हातात पिशवी धरून करत असतो. मासे पकडण्यासाठी किती खर्च करावेत, हा प्रश्न मात्र कधी माझ्यापुढे आला नव्हता. लहानपणी कोकणात आम्ही पोरं खाडीवर गरवायला जायचो. तेव्हा एकूण भांडवल म्हणजे एक गरी, थोडा दोरा, तो गुंडाळायला लाकडाचा एक तुकडा आणि आईच्या नकळत उचललेल्या चार कोलंब्या. यातला लाकडाचा तुकडा फुकट मिळायचा. त्यामुळे माझ्या भाच्याने नुसती दोरी गुंडाळायच्या साधनाला अमेरिकेत आठशे डॉलर मोजले, हे कळलं तेव्हा मी मनातल्या मनात 'अंदाजे सत्तर हजार रुपये' असा गुणाकार केला आणि हातातला कप खाली ठेवला.

अमेरिकेत गेलेला मराठी माणूस पहिले तीन आठवडे फक्त गुणाकारच करतो. कोथिंबिरीच्या जुडीपासून केस कापण्यापर्यंत.

या साधनाला रील म्हणतात. आमच्या घरात रीळ म्हणजे शिवणाच्या डब्यातलं, पांढऱ्या नाहीतर काळ्या दोऱ्याचं. भाच्याचं रीळ अ‍ॅल्युमिनियमच्या एका अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेलं होतं. बशीएवढं गोल, भोकाभोकांचं, गडद हिरव्या रंगाचं. मखमलीच्या पिशवीतून त्याने ते बाहेर काढलं, तेव्हा मला वाटलं आता हळदकुंकू मागवतो की काय!

आता ज्यांना या छंदाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आपल्या नेहमीच्या गळाला वजन असतं. ते भिरकावलं की दोरा मागोमाग जातो. या प्रकारात गळाला पिसं आणि रेशीम गुंडाळून एक खोटी माशी बनवतात. माशी दाखवून मासा पकडायचा. या माशीला वजन असं नसतंच, त्यामुळे ती फेकता येत नाही. म्हणून वजन दोरीत ठेवतात. ही दोरी चांगली जाड, नव्वद फूट लांब आणि बरीच महाग असते. लवचिक काठीने ती हवेत पुढेमागे झुलवायची आणि मग अल्लद पाण्यावर सोडायची. सगळी करामत काठीची, दोरीची आणि मनगटाची. ट्राऊट लागला तरी तो बहुधा वीतभर, फार तर हातभर. त्याला डाव्या हाताने दोरी ओढतच जवळ आणतात.

"मग हे रीळ काय करतं?" मी विचारलं.

"दोरी ठेवायला असतं, मामा."

"ते कळलं. आणखी?"

भाच्याने थोडा विचार केला. "म्हणजे मुख्यतः दोरी ठेवायलाच असतं."

मग त्याला ब्रेक आठवला. या रिळात चकत्यांचा ब्रेक असतो. मासा दोरी घेऊन पळू लागला की त्याला तो सावकाश थोपवतो. आतमध्ये पाण्याचा थेंब किंवा वाळूचा कण शिरू नये म्हणून तो पुरता बंद केलेला असतो. ऐकायला उत्तम! पण दोरीच्या टोकाला माशी बांधतात तो धागा केसासारखा बारीक असतो आणि दोन-सव्वादोन किलोच्या ओढीला तुटतो. ब्रेक त्याच्या कितीतरी पट ओढ पेलणारा. म्हणजे सायकलला ट्रकचा ब्रेक लावल्यासारखंच झालं. ब्रेक दाबायच्या आत सायकलचेच दोन तुकडे होणार.

अर्थात समुद्रावरची गोष्ट वेगळी. फ्लोरिडा आणि बहामाच्या उथळ पाण्यात बोनफिश नावाचा मासा असतो. तो एका दमात शंभर वार दोरी खेचून नेतो. टारपन तर माणसाच्या वजनाचा. तिथे स्वस्त रिळाचा ब्रेक तापतो, अडकतो, आणि खारं पाणी उरलेलं काम करतं. त्या मंडळींनी आठशे डॉलर खर्च केले तर मी एक अक्षर बोलणार नाही. पण भाचा राहतो आल्बनीत. तिथून दीड तासावर व्हरमाँटमध्ये बॅटनकिल नावाची नदी आहे, तिच्यात तो गुडघाभर पाण्यात उभा राहतो. तिथला ट्राऊट लबाड म्हणून प्रसिद्ध आहे, बलदंड म्हणून नव्हे. या नदीसाठी दीडशे डॉलरचं रीळ पुरे, आणि उरलेल्या पैशांत चांगली दोरी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. माझं मत कोणी विचारलं नव्हतं ही गोष्ट निराळी.

"मामा, हे तीस वर्षं टिकेल," भाचा म्हणाला. "वर्षाला सत्तावीस डॉलर पण नाही पडत."

बघणारा गुणाकार करतो आणि विकत घेणारा भागाकार. दागिना घेताना आपल्याकडच्या बायकाही हाच भागाकार करतात, आणि तोही बरोबरच येतो. गणितात चूक कुठेच नसते.

आणि टिकण्याबद्दल म्हणाल तर पुरावा त्याच्याच बाजूने आहे. त्याच नदीच्या काठी मँचेस्टर नावाचं गाव आहे. १८५६ मध्ये ऑर्व्हिस कंपनी तिथेच सुरू झाली आणि आज तिथे याच छंदाचं एक संग्रहालय आहे. भाचा मला तिथे घेऊन गेला. चार्ल्स ऑर्व्हिसने १८७४ साली बाजूच्या तबकड्यांना भोकं पाडलेल्या रिळाचं पेटंट घेतलं. त्या काळी दोरी रेशमाची, ओली राहिली की कुजायची. भोकांतून वारा लागून ती वाळावी आणि रीळही हलकं व्हावं, अशी दुहेरी सोय. दोरी आता प्लास्टिकची आहे, कुजत नाही, तरी भोकं अजून आहेत. तिकडे इंग्लंडमध्ये अ‍ॅनिक गावचे हार्डी बंधू (या गावाचं स्पेलिंग लिहिताना दोन अक्षरं जास्त लागतात, बोलताना ती गिळायची) मूळचे बंदुका करणारे. त्यांनी १८९१ मध्ये 'परफेक्ट' नावाचं रीळ बाजारात आणलं. आजोबांचं परफेक्ट नातू अजून नदीवर नेतात. आपल्याकडे आजोबांचा अडकित्ता असतो, तसं. फरक एवढाच, की सुपारी कातरली की खाता येते.

कारण खरी गंमत पुढेच आहे. भाचा पकडलेला मासा खात नाही, सोडून देतो. दोन्ही हातांनी पाण्यात अलगद धरून, त्याला दम परत येईपर्यंत थांबून, निरोप दिल्यासारखा सोडतो. आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकलं आणि पहिला प्रश्न केला, "खायचा नाही तर त्या बिचाऱ्याला त्रास तरी कशाला?" पहिली पिढी माशाला त्रास देऊन खाते, दुसरी नुसताच त्रास देते. यावर भाच्याकडेही उत्तर नव्हतं. तो म्हणाला, "गळाचा काटा काढून घासून टाकतो, मामी, म्हणजे जखम कमी होते." मामींचं समाधान झालं नाही. माझंही फारसं नाही. रिळाच्या किमतीपेक्षा हाच प्रश्न कदाचित मोठा असेल.

पण माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. आपल्याकडे महाग वस्तू घेतात ती लोकांसाठी. आमच्या शोकेसमध्ये सोनेरी कडेचे सहा कप आहेत. १९८६ साली घेतलेले. ते निघतात मुलीला बघायला माणसं आली तर, किंवा साहेब आले तर. मुलीचं लग्न होऊन वीस वर्षं झाली आणि साहेब कधीच आले नाहीत. मी कान तुटलेल्या कपातून चहा पितो. माझ्या वडिलांना निवृत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी एक भारी पेन दिलं होतं. ते त्यांनी 'चांगल्या कामासाठी' म्हणून डबीत ठेवलं आणि हिशेबाच्या वह्या दोन रुपयांच्या पेनने लिहिल्या. ते गेल्यावर डबी उघडली, तर आतली रबरी नळी चिकट होऊन गेली होती. निबवर शाईचा डाग नव्हता. त्यांना हसायची माझी हिंमत नाही, कारण त्या हिशेबाच्या वह्यांतूनच माझी कॉलेजची फी निघाली. पण एखादं साधं पत्र त्यांनी त्या पेनने लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं, हेही मला अजून कळलेलं नाही.

भाच्याचं रीळ कोणासाठी आहे? नदीत तो एकटा असतो. शेजारी नाहीत, साहेब नाहीत. ट्राऊट रिळाकडे बघत नाही. माशी सोडली तर त्याला भाच्याच्या कुठल्याही वस्तूत रस नाही. हा डामडौल करून दाखवायचा कोणाला? मी हे विचारलं तेव्हा त्याने ते रीळ माझ्या कानाशी धरलं आणि मूठ हळूच फिरवली. "ऐका."

आतून बारीक, एकसारखी करकर आली. आमच्या भिंतीवरच्या घड्याळाला वडील रविवारी किल्ली द्यायचे, तशी. जरा वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग त्याने स्वस्तातलं जुनं रीळ आणून फिरवलं. तेही करकरलं, पण बिजागरीसारखं.

भाचेसूनबाई स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकत होत्या. "मामा, आठशे डॉलरचं माझं काही म्हणणं नाही हो," त्या म्हणाल्या. "शनिवार किती जातात, त्याचा करा ना गुणाकार." मे ते सप्टेंबर महिन्याला चार धरले तर वर्षाला वीस. तीस वर्षांचे सहाशे. भाचा रिळाला तेल घालू लागला.

जाताना त्याने मला आणखी एक माहिती पुरवली. तरंगणारी दोरी वेगळी, बुडणारी वेगळी. दोन्ही जवळ ठेवायच्या तर रिळाला जास्तीचं चाक लागतं, आणि त्याची किंमत रिळाच्या जवळजवळ निम्मी असते. सध्या तो भागाकार करतो आहे.