निदण कोणाला म्हणावे?



गेल्या पावसाळ्यात आपण दफनभूमीमागच्या मोकळ्या जागेत जांभूळ, करंज, उंडी आणि ताम्हण यांची रोपे लावली. मिस्सा संपल्यावर लहानथोर सगळे चिखलात उतरलो. फोटो निघाले. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेथे गेलो, तेव्हा कमरेएवढ्या गवतात रोपे शोधावी लागली. काही सुकली होती. एक करंज गवत कापणाऱ्याच्या कोयत्याने बुडाशी छाटला गेला होता. दोष कापणाऱ्याचा नव्हता. शेजारी साधी काठी रोवून खूण करण्याचे आम्हालाच सुचले नव्हते.

1950 साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून दर जुलैत देशभर झाडे लावली जातात. लावण्याचा उत्सव होतो, खुरपणीचा होत नाही. खरे तर रोप जगते की मरते, हे पुढच्या दोन-तीन वर्षांत ठरते. लहान रोपाची मुळे जमिनीच्या वरच्या थरात असतात आणि गवताचीही तेथेच. पाऊस थांबला की त्या थरातले पाणी गवत आधी ओढून घेते. उंच वाढले की ऊनही अडवते.

म्हणून गवत उपटावे. पण मनात एक प्रश्न येतो. गवतही देवाच्याच हातचे ना? मग एकाला जगवण्यासाठी दुसऱ्याला उपटण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

पावसाळ्यात उगवणारा टाकळा रोपाशेजारी असला तर तण, आपल्या ताटात आला तर भाजी. उलट, जी घाणेरी आज रानेच्या राने व्यापून बसली आहे, ती इंग्रज अमदानीत बागेच्या शोभेसाठी आणलेली होती. म्हणजे तण ही कोणाची जात नव्हे. कोण कोठे उभा आहे आणि त्याच्यामुळे कोणाचा श्वास कोंडतो आहे, यावरून ते ठरते.

शुभवर्तमानातील निदणाचा दाखला आपल्याला ठाऊक आहे. धनी चाकरांना निदण उपटू देत नाही, कारण त्याबरोबर गहूही उपटला जाईल. मग आपण खुरपे हाती घेतो, ते चुकते का? आम्हाला तसे वाटत नाही. दाखल्यातले शेत हे जग आहे. तेथे माणसांची निवड करण्याची घाई आपण करायची नाही. पण जे रोप आपण स्वतः लावले, त्याचा सांभाळ ही आपली जबाबदारी आहे. ती देवावर किंवा पावसावर सोपवून चालणार नाही. आणि धन्याने दिलेला इशारा खुरपणी करणाऱ्यालाही लागू पडतो: हात जपून चालवावा.

रोपाभोवती सर्व बाजूंनी हात-दीड हात जागाच साफ करावी, सगळे मैदान नव्हे. बाकीचे गवत माती धरून ठेवते. बुंध्याजवळ खुरपे खोल घालू नये. पावसाची उघडीप पडली की माती भुसभुशीत असते, तेव्हा तण हाताने मुळासकट निघते. फुलोऱ्यावर येण्याआधीच काढावे, म्हणजे बी पडत नाही. गाजर गवताने अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत. उपटलेले बिनबियांचे तण आणि पालापाचोळा तेथेच तीन-चार बोटे जाड पसरावा, मात्र खोडाला टेकू देऊ नये. तणनाशक तर नकोच. त्याचा फवारा वाऱ्याने रोपाच्या पानांवरही उडतो.

हा पक्षपात आहे खरा, पण तो दुबळ्याच्या बाजूने आहे आणि कायमचा नाही. झाड मोठे झाले, त्याची सावली पडली की आपली खुरपी थांबतील. मग त्याच सावलीच्या कडेला गवताने खुशाल वाढावे. घरात तान्हे मूल असले की थोरली भावंडे काही काळ मागे सरतात, तसेच हे.

यंदाचा पाऊस सुरू झाला आहे. गवत वर आले आहे. छाटलेल्या त्या करंजालाही बुडातून दोन फुटवे आले आहेत. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर तासभर थांबू या. येताना खुरपे आणावे आणि रोपांच्या खुणेसाठी एकेक काठीही.