संयमाचा भार कोणावर?

पॅरिस करारावर भारताने औपचारिक मोहोर उमटवली ती २ ऑक्टोबर २०१६ रोजी, गांधीजयंतीचा दिवस साधून. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या सुधारित हवामान-उद्दिष्टांत पहिला मान मिळाला तो जतन आणि संयम या आपल्या परंपरेतील मूल्यांवर उभ्या असलेल्या जीवनशैलीला. २०३० पर्यंत उत्सर्जनाची तीव्रता २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटवण्याचे वचन त्यानंतर येते. गांधीविचारांशी नाते सांगणाऱ्या वर्धेकरांना याचा अभिमान वाटावा. पण या धोरणाने मूल्ये तेवढी घेतली. ती मूल्ये जगवणारी व्यवस्था मागेच राहिली.

ही व्यवस्था कशी असते, याचा विचार वर्ध्यातच झाला होता. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीतून त्याचे काम गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी चालवले. त्यांनी तुरुंगात लिहिलेल्या आणि १९४५ मध्ये आलेल्या 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' या पुस्तकामागे हाच अनुभव होता. कुमारप्पांनी निसर्गाची साधने दोन प्रकारची मानली. कोळसा आणि खनिज तेल हा साठा. वापरला की संपतो आणि त्याच्या मालकीसाठी युद्धे होतात. वाहते पाणी, वाढते जंगल हा ओघ. मर्यादेत घेतला तर पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. मगनवाडीतील तेलघाणी आणि हातकागद यांना या विचाराचा आधार होता. तिथला संयम ग्राहकाच्या चांगल्या सवयींपुरता नव्हता. काय बनवायचे, कुठे बनवायचे आणि त्यावर सत्ता कोणाची, हे ठरवणारा तो नियम होता.

संयमी जीवनशैलीसाठीचे केंद्राचे आजचे 'मिशन लाइफ' मात्र बोलते मुख्यतः व्यक्तीशी: वीज वाचवा, पाणी वाचवा. सल्ला वाईट नाही. पण जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट-समुद्रपूरकडे ज्याची कपाशी आणि सोयाबीन पाण्याखाली गेली, त्या शेतकऱ्याचा तापमानवाढीतला वाटा नगण्य आहे. तो आधीच काटकसरीने जगतो. त्याला संयमाचे धडे देणे हा अन्याय आहे. त्याला हवे आहे संरक्षण आणि निर्णयात वाटा.

निर्णयातला हाच वाटा त्या वर्षी आक्रसला. वनजमीन प्रकल्पाला देण्यापूर्वी वनहक्कांची पूर्तता झाली का आणि ग्रामसभेची संमती आहे का, हे पाहण्याचे बंधन केंद्राने २००९ मध्ये स्वतःवर घालून घेतले होते. जून २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी ते काढून राज्यांवर सोपवले, तेही केंद्राच्या मंजुरीनंतर. दोनच महिन्यांनी जगासमोर परंपरेचा गौरव झाला. जिल्ह्यातील गोंड आणि कोलाम, गवळाऊ गाय जोपासणारे नंदगवळी ही त्या परंपरेची जिवंत माणसे आहेत. २००६ चा वनहक्क कायदा चराईचा आणि सामूहिक वनसंपत्तीच्या रक्षणाचा हक्क मान्य करतो. हा हक्क सातबाऱ्याइतका पक्का होत नाही, तोवर त्यांच्या ज्ञानाची स्तुती पोकळच राहणार.

ग्रामसभांना विचारत बसलो तर सौरऊर्जेसारखी निकडीची कामे रखडतील, असा आक्षेप घेतला जातो. निकड खरी आहे. पण संमतीविना रेटलेला प्रकल्प कोर्टकचेरीत आणि संघर्षात अधिक काळ अडकतो. उलट, गडचिरोलीतील मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला; त्यानंतर गावाने बांबूची तोड आणि विक्री स्वतःच्या हाती घेतली आणि जंगलही राखले. अधिकार मिळाला की जबाबदारी टिकते.

मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये पाहिला. त्याच निकालात, या विषयावर देशात एकछत्री कायदा नाही, हेही न्यायालयाने नोंदवले. ही उणीव संसदेने भरून काढावी. त्या कायद्यात तीन गोष्टी हव्यात: प्रकल्पापूर्वी ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती, पीक आणि उपजीविका गमावणाऱ्याला भरपाईचा दावा करता येईल असा हक्क, आणि साठ्यावरून ओघाकडे जाण्याचे वर्षवार बंधन, जे सरकार आणि मोठे उद्योग दोघांनाही लागू असेल. संयम हे राष्ट्रीय मूल्य असेल, तर त्याची सक्ती आधी ज्यांच्याकडे सत्ता आणि भांडवल आहे त्यांच्यावर झाली पाहिजे.