‘कायमस्वरूपी’ म्हणजे किती वर्षं?

तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या ग्रंथालयासाठी मी निधीचे अर्ज लिहून देतो. पगार नाही, चहा मिळतो. मागच्या महिन्यात एका कंपनीच्या सीएसआर विभागासाठी अर्ज लिहीत होतो. मोडी कागद आणि शंभर वर्षांपूर्वीच्या मासिकांचे अंक स्कॅन करायचे आहेत. ‘अपेक्षित परिणाम’ या रकान्यात मी लिहिलं, ‘हा ठेवा कायमस्वरूपी जतन होईल.’ ग्रंथपाल बाईंनी वाचलं आणि विचारलं, “कायमस्वरूपी म्हणजे किती वर्षं रे?”

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून डीव्हीडींचा डबा काढला. पंधरा वर्षांपूर्वी एका देणगीदाराच्या पैशातून असंच स्कॅनिंग झालं होतं. आता ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरमध्ये डीव्हीडी घालायला जागाच नाही, आणि बाहेर नेऊन लावल्या तर निम्म्या उघडत नाहीत. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी मात्र जिन्यात ठणठणीत आहे.

तुमच्या दोन फोनांपूर्वीच्या फोनमधले फोटो आठवा, म्हणजे कळेल. फाइल आपोआप टिकत नाही. कुणीतरी ती सतत नव्या जागी हलवत, तपासत राहावं लागतं, आणि त्या कुणीतरीला पगार लागतो. ब्रिटिश लायब्ररी २००४पासून जगभरच्या धोक्यातल्या दप्तरांच्या डिजिटायझेशनला पैसे देते आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये तिच्यावर सायबरहल्ला झाला आणि त्या प्रकल्पाची चित्रंसुद्धा कित्येक महिने ऑनलाइन बघता येईनात. तिथे ही गत, तर आमचा हार्डडिस्कचा डबा काय! उलट पेशवे दप्तरातले हातकागद रुमालात बांधलेले दोन-तीनशे वर्षं टिकलेत.

पण मग स्कॅन करूच नये का? तसंही नाही. मासिकांचा कागद लगद्याचा, आम्लानं पिवळा पडलेला. पान उलटलं की कोपरा हातात येतो. थांबायला वेळ नाही, आणि खरं लिहिलं तर पैसे मिळतील याची खात्री नाही. सीएसआरच्या नियमांत चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे पैसा तीन वर्षांचा आणि वचन कायमचं. भांडारकर संस्थेनं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९मध्ये सुरू केलं, ते १९६६मध्ये पुरं झालं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींसारख्यांनी त्याला पैसा दिला. ४७ वर्षांचं काम आज कोणत्या रकान्यात बसवायचं?

त्याच महाभारतातल्या धर्मराजाचं ‘नरो वा कुंजरो वा’ मला सोयीचं वाटू लागलं होतं. हेतू चांगला आहे, सगळेच असं लिहितात, आणि कंपनीच्या माणसालाही हे शब्द पोकळ आहेत हे ठाऊक असणार. मग फसलं कोण?

यावर मी बरेच दिवस अडलो होतो. देणगीदार फसत नाही. त्याला फोटो मिळतो, अहवाल मिळतो. फसतात ते आज टेबलाशी नसलेले. पुढची कार्यकारिणी अर्ज वाचते, ‘स्कॅन झालंय ना?’ म्हणते आणि मूळ गठ्ठे जिन्याखाली जातात. मागच्या वेळी तसंच झालं. तीन गठ्ठ्यांना वाळवी लागली, आणि त्यांच्या डीव्हीडी न उघडणाऱ्यांपैकीच निघाल्या. त्या कागदांत काय होतं, ते आता कुणालाच सांगता येत नाही. त्या वेळच्या अर्जाची प्रत फायलीत आहे. अर्ज लिहिणाऱ्यानं वाईट हेतूनं काहीच लिहिलेलं नव्हतं. माझ्यासारखाच असणार तो.

शेवटी मी रकाना बदलला. पहिल्या वर्षात किती पानं होतील, प्रती कुठे कुठे राहतील, फायली दरवर्षी तपासायला किती खर्च येईल, हे लिहिलं. मूळ कागदांच्या पेट्यांसाठी आणि वाळवीच्या औषधासाठी वेगळी रक्कम मागितली. आणि एक वाक्य घातलं: ‘चौथ्या वर्षापासूनच्या खर्चाची सोय अद्याप झालेली नाही.’

परवा कंपनीतून फोन आला. मुलगी गोड बोलली. “सर, बाकी छान आहे. ते शेवटचं वाक्य काढता येईल का? वरच्यांना खटकेल.”

बाईंना सांगितलं. त्या गठ्ठ्यांत वेखंडाचे तुकडे घालत होत्या. म्हणाल्या, “पैसे तर हवेत रे.” मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

वाक्य मी काढलेलं नाही. तसं त्या मुलीला कळवलंय. अजून उत्तर आलेलं नाही.