चपलेचा कोड आणि गुळाची चिठ्ठी

 

मागच्या महिन्यात जावेची सून पुण्याहून आली होती. तिला कोल्हापुरी चपला हव्या होत्या, म्हणून खडेबाजारात गेलो. आमच्या सासूबाई घ्यायच्या तेच दुकान. पोरीनं चप्पल उलटसुलट बघितली आणि मोबाईल काढून विचारलं, "मामा, यावर क्यूआर कोड नाही? मग खरी कशावरून?"

मामांनी तळवा वाकवून दाखवला. कुठं खिळा नाही, चामड्याच्या वादीनं शिवलेला. म्हणाले, "बघा की अक्का, तुमच्या सासूबाईंनी कधी इचारलं न्हाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घरी आल्यावर वाटलं, पोरीचं तरी काय चुकलं? रेक्झिनच्या चपला कोल्हापुरी म्हणून सर्रास खपवतात.

या चपलेला 2019 मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्र-कर्नाटक दोघांना मिळून. तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. (चपलेला तरी सीमावाद नाही!) 2025 च्या जूनमध्ये प्राडा कंपनीनं मिलानला तसल्याच चपला आपल्या कारागिरांचं नाव न घेता दाखवल्या, केवढा गदारोळ झाला आठवत असेल. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळानं, म्हणजे लिडकॉमनं, चपलेवर क्यूआर कोड आणला. स्कॅन केला की कारागीर कोण, कुठला, माल कसला वापरला ते कळावं. युरोपात तर 2024 पासून तसा कायदाच लागू झालाय. एकेका वस्तूला डिजिटल पासपोर्ट मिळणार: कशाची बनली, दुरुस्त होते का, शेवटी तिचं काय करायचं. विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना फेब्रुवारी 2027 पासून तो लागणार आहे.

चांगलंच आहे. पण एक गोष्ट मनातून जात नाही. कोडमध्ये दिसतं ते कुणीतरी भरलेलं असतं. सोन्याचं वेगळं. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी नंबर लागतो, पण त्याआधी केंद्रात सोनं तपासलं जातं. कारागिराच्या हातात पुरते पैसे पडले का, नदीत घाण सोडली का, हे कुठल्या कसोटीवर घासणार? तिथं कुणीतरी जाऊन बघायलाच हवं, आणि बघितलं तेच लिहायला हवं.

हे मी दुसऱ्यांना सांगतेय, आता माझं ऐका. गुरुपौर्णिमेला आपल्या सेवेच्या स्टॉलवर गूळ होता. त्यावर 'नैसर्गिक, बिनरसायनाचा' ही चिठ्ठी माझ्याच हातची. निपाणीच्या एका ताईंनी विचारलं, "हायड्रॉस पावडर घातली न्हाई कशावरून?" रास्त प्रश्न होता. काहिलीतला रस भेंडीच्या पाण्यानं निवळतात तसा त्या पावडरीनंही निवळतात, आणि गूळ पिवळाधमक दिसतो. मी काय म्हणावं? "अहो ताई, गुरुमाऊलींच्या कार्याचा गूळ आहे, शंका कसली!" त्या गप्प बसल्या, दोन किलो घेऊन गेल्या.

आमच्यापैकी एकीनंही ते गुऱ्हाळ बघितलं नव्हतं. देणाऱ्यानं सांगितलं, आम्ही लिहिलं. माऊलींचं नाव मी शिक्क्यासारखं वापरलं. मामांकडे कोड नव्हता, पण वाकवून दाखवायला तळवा होता. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, आणि त्या ताईंना मी श्रद्धा कमी असल्यासारखं वाटायला लावलं. हे जास्त लागतंय. त्यांचा नंबरही माझ्याकडे नाही. कुणाच्या ओळखीच्या असतील तर हा मजकूर त्यांना पाठवा.

चिठ्ठी मी काढून टाकली आहे. गूळ शिल्लक आहे, घ्यायचा तर नुसता गूळ म्हणून घ्या. दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू झालं की एक दिवस काहिलीजवळ जाऊन बसायचं ठरवलंय. देणाऱ्यांना फोन केला, "या की, कवाबी या" म्हणाले. सोबत कोण येतंय ते ग्रुपवर कळवा.

आणि हो, सुनेनं तो जोड घेतला. पुण्यात पहिले चार दिवस चावला म्हणे, आता छान करकरतोय.