फुकटची घाई

मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते बनवणाऱ्याकडून जाब मागण्याचा हक्क आहे का? ओपन सोर्सच्या जगात हा वाद रोजचा. 'पटत नसेल तर स्वतः दुरुस्त कर' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. मला ते अपुरं वाटतं.

एक्सझेड हे फाइली आकुंचित करणारं छोटं साधन बहुतेक लिनक्समध्ये असतं. कित्येक वर्षं एकच माणूस ते बिनपगारी सांभाळत होता. २०२२मध्ये काहीजण त्याच्या मागे लागले: कामं का रखडली, दुसऱ्याकडे का सोपवत नाहीस? हा माझा छंद आहे, मानसिक आरोग्याचाही त्रास आहे, असं त्यानं सांगितलं. तगादा चालूच राहिला. 'जिया टॅन' या नावानं मदतीला आलेल्याला पुढे अधिकार मिळाले आणि २०२४मध्ये त्याच नावानं एक्सझेडमध्ये चोरवाट पेरली गेली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे शोधणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरमुळे ती उघडकीला आली.

तगादा लावणारी नावं बनावट असावीत, असं मानलं जातं. मला टोचतं ते वेगळंच: ती गर्दीत सहज मिसळली, कारण खरे वापरकर्तेही तसंच बोलतात.

चूक दाखवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. फ्रॉइंडनं तेच केलं. पण दुसऱ्याच्या वेळेवर आपला हक्क नसतो. 'हे बिघडलंय' आणि 'अजून का नाही केलंस' यांत नेमका तेवढा फरक आहे.