निग्रह आणि दिशा

दृढनिश्चयी मनुष्याची स्तुती करताना आपण बहुधा एक प्रश्न विचारावयास विसरतो: त्याचा निश्चय कोणत्या दिशेचा? 'बोलला तसा वागला' एवढ्यावरच आपले समाधान होते. दृढता हा स्वतः सद्गुण आहे, की सद्गुण व दुर्गुण ह्या दोघांच्याही हाती सापडणारे ते एक साधन आहे? ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका जड पदार्थाच्या आधारे करू इच्छितो. चेतनाचा न्याय जडाने करावा असे आमचे म्हणणे नाही. परंतु जडास स्वार्थ नसल्याने गुणांचे पृथक्करण तेथे अधिक स्वच्छ दिसते.

१९८३ साली जपानात मासातो सागावा व अमेरिकेत जॉन क्रोट ह्यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन ह्यांच्या संयुगाचे चुंबक जगापुढे मांडले. निओडिमियम हा दुर्मिळ मृदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धातूंपैकी एक होय. ह्या चुंबकात वजनाने सुमारे ७० टक्के लोखंडच असते, आणि त्याचे आकर्षणसामर्थ्यही मुख्यतः लोखंडाचे. निओडिमियम जे देतो ते निराळेच, ते म्हणजे हट्ट. त्याच्या अणूच्या अंतर्भागातील इलेक्ट्रॉनांचा मेघ गोल नसून चपटा असतो. स्फटिकातील विद्युत्क्षेत्र त्या मेघास एका अक्षाशी जखडते, आणि त्याबरोबर चुंबकत्वही त्याच अक्षाशी बांधले जाते.

हे चुंबक घडविण्याची रीतही मननीय आहे. मिश्रधातूची बारीक भुकटी चुंबकीय क्षेत्रात धरली म्हणजे प्रत्येक कण वळून आपला अक्ष क्षेत्राशी जुळवितो. मग ती भुकटी दाबून भट्टीत भाजतात. त्यानंतर कणास वळणे शक्य नसते. अखेरीस क्षणभर एका प्रचंड क्षेत्राचा आघात करतात, आणि त्या अक्षावर तोंड पुढे की मागे, हे कायमचे ठरते. पृथ्वीचे क्षेत्र सुमारे अर्ध्या गौसाचे. ह्या चुंबकाची दिशा पालटावयास सामान्यतः १०,००० गौसांहूनही प्रबळ विरोधी क्षेत्र लागते. शास्त्रात ह्या गुणास निग्राहिता म्हणतात.

परंतु विरोधी क्षेत्र त्याहूनही प्रबळ झाले तर? मग कणाकणातील चुंबकत्व उलटते, आणि जो चुंबक उत्तरेस चिकटून होता तो तितक्याच हट्टाने दक्षिणेस चिकटतो. निग्रह तोच राहिला, दिशा मात्र गेली! कालचा कडवा निंदक आज कडवा भक्त झालेला पाहून आपण चकित होतो. वस्तुतः त्यात नवल ते काय?

उलटपक्षी, आपल्या घरी वीज पोहोचविणाऱ्या रोहित्राचा गाभा पाहा. तो सिलिकॉन मिसळलेल्या मृदू पोलादाचा असतो, आणि सेकंदाच्या ५० आवर्तनांत त्यास १०० वेळा दिशा पालटावी लागते. तेथे निग्रही पदार्थ बसविला तर एक तर तो पालटणार नाही, अथवा बळाने पालटविल्यास दर फेऱ्यास एवढा तापेल की सारे यंत्रच जळून जाईल. तेव्हा पवनचक्कीच्या जनित्रात जो गुण, तोच रोहित्रात दोष ठरतो. दृढतेचे मोल कार्यावरून ठरते, हे ह्यावरून उघड आहे.

मुलांवर संस्कार करणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांस हा विचार टाळता येणार नाही. मन कोवळे व मोकळे असताच आम्ही त्यास आमच्या श्रद्धांच्या क्षेत्रात धरतो, आणि पुढे त्याची निष्ठा पाहून धन्यता मानतो. पण ती निष्ठा त्या मुलाची, की आमच्या क्षेत्राची? चुंबकास हा प्रश्न पडत नाही. मनुष्यास पडू शकतो. कोणी म्हणेल, प्रश्न विचारणारी बुद्धीही संस्कारांनीच घडलेली असते. हे आम्हांस मान्य आहे. तथापि, आपण एका क्षेत्रात वाढलो एवढे ज्यास उमगले, तो आपली दिशा तपासू शकतो. आणि तपासून तीच पुन्हा स्वीकारली, तर त्या क्षणापासून ती त्याची स्वतःची होते. म्हणून घरात निग्रह अवश्य शिकवावा. परंतु 'हे असेच का?' असे मुलाने विचारल्यास त्यास गप्प करू नये. तो प्रश्न ज्याने कधीच विचारला नाही, त्याची दृढता अधिक बलवान क्षेत्र भेटेपर्यंतच टिकावयाची.